फर्ग्युसन: नाव आणि व्यवहार

पुण्यात फर्ग्युसन हे नाव रोज हजारोंच्या तोंडी असते. पण तो माणूस कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सर जेम्स फर्ग्युसन यांचा जन्म १८३२ चा, स्कॉटलंडमधील एडिंबरोचा. क्रिमियाच्या युद्धात इन्करमनच्या लढाईत ते जखमी झाले आणि रणांगणावर असतानाच एअरशायरमधून पार्लमेंटवर निवडून आले. पुढे १८५९ मध्ये त्यांनी लॉर्ड डलहौसीच्या मुलीशी विवाह केला. म्हणजे सातारा आणि नागपूर खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलचे ते जावई. हिंदुस्थान खात्याचे दुय्यम मंत्री, १८६९ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियाचे, १८७३ मध्ये न्यूझीलंडचे आणि १८८० पासून मुंबईचे गव्हर्नर, असा त्यांचा प्रवास झाला.

मला कोडे पडते ते मुंबईच्या कारकिर्दीचे. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ यांत जे छापून आले, त्यावरून संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. फिर्याद बर्व्यांची होती हे खरे. पण कोल्हापूरवर देखरेख मुंबई सरकारची आणि त्या सरकारचे प्रमुख फर्ग्युसन. असे असता अवघ्या दोन वर्षांनी, २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी तिचे कॉलेज सुरू झाले, ते याच गव्हर्नरच्या नावाने!

गव्हर्नरने १,२०० रुपये दिले म्हणून नाव दिले, असे सांगितले जाते. मला हे उत्तर अपुरे वाटते. कॉलेजला विद्यापीठाची मान्यता हवी होती आणि मुंबई विद्यापीठाचे कुलपती गव्हर्नरच असत. पैसा हवा होता तो संस्थानिकांचा. आणि सरकारची मर्जी पाहिल्याखेरीज संस्थानिक थैली सैल करीत नसत. त्यात हंटर आयोगाने उच्च शिक्षणात खासगी प्रयत्नांना वाव द्यावा असे सुचविले होते. नामजोशींसारख्या व्यवहारचतुर माणसाने ही संधी ओळखली. गव्हर्नरचे नाव म्हणजे देणगीदारांसाठी अभयपत्रच होते.

या मंडळींनी काय दिले नाही, हेही पाहावे लागते. कारभार आजीव सदस्यांच्या हाती राहिला. तुटपुंज्या वेतनावर शिकविणारे तेच, धोरण ठरविणारेही तेच. पहिले प्राचार्य कोशकार वामन शिवराम आपटे झाले. त्यासाठी गोरा साहेब आणावा लागला नाही. म्हणून या नामकरणाला लाचारी म्हणणे मला पटत नाही. तो विचारपूर्वक केलेला सौदा होता.

फर्ग्युसन १८८५ मध्येच मायदेशी परतले. मँचेस्टरचे खासदार म्हणून त्यांनी वीस वर्षे काढली, काही काळ पोस्टमास्टर जनरलही झाले. १४ जानेवारी १९०७ रोजी जमैकातील किंग्स्टनच्या भूकंपात त्यांचा अंत झाला. त्यांच्या लांबलचक कारकिर्दीत मुंबईची पाच वर्षे हा एक टप्पा होता. पुण्याच्या दृष्टीने मात्र तेवढाच टप्पा उरला.

आपट्यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. फर्ग्युसन गव्हर्नर असताना डोंगरीत कैद भोगलेला माणूस फर्ग्युसन कॉलेज चालवू लागला. त्या सौद्यात कोणाचा लाभ अधिक झाला, हे ठरविताना एवढी गोष्ट विसरता येत नाही.