आंत्रप्रतिमानांचा इतिहास : सशाच्या आतड्यापासून अवयवाभापर्यंत

जिवंत माणसाचे आतडे उघडून त्यातील विकार दिवसेंदिवस न्याहाळता येत नाही. म्हणून अभ्यासकास त्याच्या जागी दुसरी एखादी वस्तू घ्यावी लागते. या वस्तूस शास्त्रात प्रतिमान म्हणतात. आज आतड्याच्या अस्तराचे मोहरीहूनही लहान जिवंत गोळे प्रयोगशाळेत वाढविले जातात, आणि ‘प्रयोगशाळेत आतडे तयार झाले’ अशी त्यांची वार्ता सर्वत्र होते. हे विधान कितपत ग्राह्य आहे, याचा निर्णय करण्यास या प्रतिमानांचा इतिहास साह्यभूत होतो. प्रत्येक प्रतिमान एका विशिष्ट प्रश्नासाठी सिद्ध झाले, आणि त्या प्रश्नासाठी जे अनावश्यक वाटले ते त्यातून वगळले गेले, असे या इतिहासात आढळून येते.

त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच देशातील आहे. १९५३ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तो भाग द्रवाने टम्म फुगला. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढून उरलेल्या द्रावानेही हाच परिणाम होतो असे दाखविले. पटकीचे अपायकारक तत्त्व म्हणजे जंतूंनी बाहेर टाकलेले विष होय, ही गोष्ट त्यामुळे प्रस्थापित झाली. या प्रतिमानात अस्तर, रक्तवाहिन्या, स्नायू, मज्जातंतू असे सर्व काही शाबूत होते. नव्हता तो फक्त मनुष्य.

मानवी पेशींचे प्रतिमान मिळाले ते कर्करोगाच्या गाठीतून. १९७० नंतरच्या दशकात एका रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील अर्बुदापासून ‘काको–२’ हा पेशीवंश तयार करण्यात आला. औषधांचे शोषण कसे होते हे पाहण्यास तो आजही उपयोगी पडतो. परंतु या पेशी रोगग्रस्त होत्या, आणि आतड्यात नांदणाऱ्या नाना प्रकारच्या पेशींपैकी मुख्यतः एकाच प्रकाराचे वर्तन त्यांत दिसे.

निरोगी अस्तर मात्र प्रयोगशाळेत टिकत नव्हते. आतड्याचे अस्तर काही दिवसांतच संपूर्ण नवे होते. मग त्याच्या पेशी बाहेर काढताच का मराव्यात? लीबरक्यून यांनी १७४५ साली आतड्याच्या अस्तरातील ज्या खोलगट कूपांचे वर्णन केले, त्यांत या प्रश्नाचे उत्तर दडलेले होते. चेंग व लब्लाँ यांनी १९७४ साली असे प्रतिपादन केले की, कूपाच्या तळाशी असलेल्या बारीक पेशींपासूनच अस्तरातील सर्व प्रकारच्या पेशी उत्पन्न होतात. २००७ साली युट्रेख्त येथील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एलजीआर–५’ या खुणेच्या साह्याने त्या मूलपेशी निश्चित ओळखल्या. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी तेथे आलेले जपानी वैद्य तोशिरो सातो यांनी २००९ साली पुढचे पाऊल टाकले. उंदराच्या आतड्यातील एकेक मूलपेशी त्यांनी पेशींखालच्या आधारपटलासारख्या मऊ जेलमध्ये ठेवली आणि तिला तीन प्रथिने पुरविली : एक वाढीस चालना देणारे, दुसरे मूलपेशीत्व टिकविणाऱ्या संदेशास बळ देणारे, तिसरे वाढ रोखणाऱ्या संदेशास आवर घालणारे. एका पेशीपासून कूपांसह पोकळ गोळा तयार झाला व त्यात आतड्याच्या अस्तरातील निरनिराळ्या पेशी यथास्थान आढळल्या. २०११ साली मानवी आतड्याच्या पेशींवरही ही पद्धती यशस्वी झाली. पेशीचे जगणे तिच्या परिसरावर अवलंबून असते, हा या शोधाचा गाभा होय.

त्याची फळे लवकरच दिसली. २०१३ साली युट्रेख्त येथेच सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराची कसोटी तयार झाली. विशिष्ट द्रव्य घालताच निरोगी माणसाच्या पेशींचा गोळा पाणी ओढून फुगतो. रुग्णाचा फारच कमी फुगतो. लागू पडणारे औषध दिल्यास तोही फुगू लागतो. डे यांच्या सशाचे आतडे फुगले, त्यामागेही पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारा हाच मार्ग होता. प्रतिमान बदलले, तरी मोजावयाचे लक्षण तेच राहिले. १९७२ साली ओळखला गेलेला नोरोव्हायरसही चार दशकांहून अधिक काळ प्रयोगशाळेत नीट वाढत नव्हता. २०१६ साली ह्यूस्टन येथील संशोधकांनी तो अशा मानवी पेशींत वाढविला, आणि त्याच्या काही प्रकारांना पित्ताची जोड लागते असे आढळले.

आता वगळलेल्या गोष्टींचा विचार करू. या गोळ्यास रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. रोगप्रतिकारक पेशी व आतड्यातील असंख्य जंतूही नाहीत. पोकळीची बाजू आत झाकलेली असल्यामुळे अन्न वा जंतू ज्या अंगाने येतात तेच अंग हाताशी येत नाही. यांपैकी एकेक उणीव भरून काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु क्रोन रोगासारख्या विकारात अस्तर, जंतू व प्रतिकारशक्ती यांचा परस्परसंबंध बिघडलेला असतो. तो केवळ अस्तराच्या गोळ्यात दिसणार कसा?

येथे संज्ञेचा प्रश्न उपस्थित होतो. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने केवळ अस्तराच्या गोळ्यांस ‘एंटेरॉइड’ व ‘कोलोनॉइड’, आणि एकाहून अधिक ऊतींच्या रचनेस ‘ऑर्गनॉइड’ म्हणावे असे सुचविले. तरीही ‘ऑर्गनॉइड’ हाच शब्द सरसकट रूढ राहिला. त्याचे ‘मिनी–गट’ हे लाडके नाव मराठीत शब्दशः आणू गेल्यास ‘लहान आतडे’ असे होईल. आणि लहान आतडे तर प्रत्येकाच्या पोटात आधीच आहे! ‘–ऑइड’ या ग्रीक प्रत्ययात सादृश्याचा अर्थ आहे. न्यायशास्त्राने हेतूसारखा दिसणाऱ्या परंतु हेतू नसलेल्या गोष्टीस हेत्वाभास म्हटले. त्याच धर्तीवर ‘अवयवाभ’ हा शब्द येथे उचित ठरेल. साम्य आणि उणीव ही दोन्ही त्यात सूचित होतात.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. ज्या रुग्णाच्या आतड्यातून पेशींचा तुकडा घ्यावयाचा, त्याची संमती त्याच्याच भाषेत घ्यावी लागते. ‘तुमचे आतडे आम्ही बाहेर वाढवितो’ असे ऐकून तो नव्या आतड्याची आशा धरील. ‘तुमच्या अस्तराचा एक नमुना वाढवून त्यावर औषध पारखतो’ असे ऐकून तो नेमक्या गोष्टीस होकार देईल. प्रतिमानातून काय वगळले आहे हे सांगणे संशोधकाचे कर्तव्य आहे. ते सांगता येईल असा शब्द घडविणे हे भाषाभ्यासकाचे.