ग्रंथांतल्या बंदुका

श्रोतेहो, यवतमाळच्या सभेत जुन्या बंदुकांच्या ग्रंथांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’त आहे. वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांत त्याने ‘योत-लोहारा’ नोंदला आहे. योत म्हणजे आपले यवतमाळ, लोहारा म्हणजे शेजारचे लोहारा. बंदुका कशा घडवीत याचे तपशीलवार वर्णनही त्याच ग्रंथात आहे. (लोहारा हे नाव ऐकून तेथे नळ्या ठोकीत असतील, असा तर्क मात्र कृपा करून लढवू नये.)

पूर्वी लोखंड चपटे करून कडेला कड जोडीत. अशी नळी पाव हिश्शाहून अधिक भरण्याची सोय नसे. अकबराच्या कारखान्यात लोखंडी पट्टी तिरपी गुंडाळून पदरावर पदर चढवीत आणि हळूहळू भट्टीत तापवून एकजीव करीत. नळी तोंडापर्यंत भरून उडविली तरी फुटत नाही, असे अबुल फजल सांगतो. तो दरबारी लेखक. प्रत्येक युक्ती बादशहाच्याच डोक्यातून निघाली असे म्हणणे त्याला भागच होते. ते सोडून द्या. पण सरळ जोड नळीभर लांब असतो, स्फोटाचा ताण त्यालाच उसवतो. तिरप्या पदराला तसे उसवता येत नाही. हे कोणत्याही लोहाराला पटेल.

आता 1880 साल पाहा. त्या एका वर्षी दोन ग्रंथ निघाले. लंडनमध्ये एगर्टनने इंडिया म्युझियममधील हिंदी शस्त्रांची सचित्र सूची छापली. मद्रासेत गुस्ताव ओपर्ट यांनी ‘शुक्रनीती’च्या आधारे प्राचीन हिंदूंना बंदूक व दारू ठाऊक होती, असे मांडले. आपल्या लोकांना अर्थातच दुसरा ग्रंथ गोड लागला. शुक्रनीतीत खरोखरच नळीचे वर्णन आहे. पाच भाग सोरा, एक भाग गंधक, एक भाग कोळसा असे दारूचे प्रमाण आहे. कोळसा रुईचा, निवडुंगाचा. पण त्याच वर्णनात यंत्राच्या आघाताने ठिणगी देणारा दगडही आहे! ही चकमकीची बंदूक झाली, आणि ती युरोपातच सतराव्या शतकात रूढ झाली. वेदकाळाचा पुरावा म्हणून जे पुढे केले, तेच ग्रंथाचे वय सांगून बसले. लल्लनजी गोपाल यांनी 1962 साली तर शुक्रनीती एकोणिसाव्या शतकातली ठरविली.

आमच्या मते खरी वाट पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांची. 1953 साली त्यांनी हिंदुस्थानातील शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला. आधी पोथीचा काळ ठरवायचा, मग तिच्यातली कृती वाचायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यात अभिमानाला फारसे खाद्य नाही, पण चूकही कमी होते.

एक व्यवहाराची गोष्ट. दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या जुनाट हत्यारांना 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात सूट आहे. तरीही एखाद्या वाड्याच्या माळ्यावरची गंजकी नळी भीतीने मोडीत जाते. ती जाण्यापूर्वी लांबी मोजावी, तोंडाचा व्यास टिपावा आणि जोड सरळ आहे की तिरपा, एवढे तरी निरखून लिहून ठेवावे. एगर्टनने लंडनमध्ये बसून वस्तू समोर ठेवून केले, ते याच जातीचे काम होते.