पहिला बेलवलकर

आमच्या सायखेड्यात 'नटसम्राट'चा विषय निघाला, की माणसे शिरवाडकरांवर हक्क सांगतात. बालपण पिंपळगाव बसवंतला, म्हणजे आमच्याच निफाड तालुक्यात गेलेले ना! मला मात्र पहिला बेलवलकर, डॉ. श्रीराम लागू, अधिक छळतो.

साताऱ्यात 1927 साली जन्मलेला हा कान-नाक-घशाचा शल्यविशारद. पुण्यात 'पीडीए'ची नाटके केली, टांझानियात टाबोऱ्याला शस्त्रक्रिया केल्या आणि 1969 साली डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाला. 23 डिसेंबर 1970ला गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट' रंगमंचावर आणले, तेव्हा वय अवघे 43. थकलेला म्हातारा उभा करणाऱ्याच्या मागे परतीची वाट उरली नव्हती, आणि तेच त्या आवाजात उतरले असावे, असे माझे मत. घसा आतून-बाहेरून जाणणाऱ्याने तोच घसा रोज पणाला लावला!

पुढे 'पिंजरा' आला, अ‍ॅटनबरोच्या 'गांधी'त ते गोखले झाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'लमाण'. नट म्हणजे लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा.

परवा पारावर हे सांगितले, तर कांद्याची गाडी खाली करून आलेले एक आजोबा म्हणाले, "मग त्याला भाडं काय मिळालं?"