खासगीचा हिशेब

आमच्या जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालं. वर्गात मी विचारलं, अहिल्याबाई कोण? उत्तर ठरलेलं: देवळं बांधली. खरं आहे, पण त्याला पैसा कुठून आला?

जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या या बाईंनी पती, सासरे आणि मुलगा गेल्यावर १७६७ पासून होळकरांचा कारभार सांभाळला. फौज तुकोजींकडे, हिशेब स्वतःकडे. होळकरांच्या तिजोऱ्या दोन, दौलत आणि खासगी. पेशव्यांनी १७३४ मध्ये त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावे तोडून दिलेला मुलूख म्हणजे खासगी. त्यावर हक्क घरातल्या बाईचा. काशीचं विश्वनाथ मंदिर, घाट, बारवा, धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून चाले, दौलतीला हात न लावता. मला तर देवळांपेक्षा हा हिशेबच मोठा वाटतो.

महेश्वरला त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. माहेश्वरी साडी तिथलीच. त्या १७९५ मध्ये गेल्या. पुढे मागांना वाईट दिवस आले, तेव्हा १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्याच मंडळींनी ‘रेहवा’ संस्था काढून विणकरांना काम दिलं. आज तिथल्या मागांवर अन्सारी घरांतली माणसंही बसतात.