माघार घेणाऱ्यांचा विजय

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मुंबईच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१७२० सालीं इंग्रज सरकारनें मुंबईंतील पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना घालवून तेथील देवळें कार्मेलाइट धर्मगुरूंच्या हवालीं केलीं. पुढें गोव्याच्या आर्चबिशपांचा व रोमहून नेमलेल्या बिशपांचा, असे दोन अधिकार एकाच शहरांत नांदूं लागले. श्रद्धा एक, मिस्सा एक. माणसें मात्र दुभंगलीं. १८५३ सालीं माहीमच्या देवळावरून तंटा इतका विकोपास गेला कीं, बिशप हार्टमान यांना देवळांतच अडकून पडावें लागलें.

१९२८ च्या करारानें हा दुहेरी अधिकार संपला. आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज व इंग्रज असावेत, असें ठरलें. परंतु या पाळींत हिंदी धर्मगुरूंस स्थान कोठें होतें? १९३७ सालीं आलेल्या आर्चबिशप रॉबर्ट्स यांनीं हें ओळखलें. १९४६ सालीं व्हॅलेरियन ग्रेशस हे साहाय्यक बिशप होतांच त्यांच्यावर कारभार सोंपवून ते स्वतः दूर झाले. १९५० सालीं पोर्तुगालनेंही आपला हक्क सोडला व त्याच वर्षीं ग्रेशस मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप झाले.

आपल्या धर्मग्रामांत मिरवणुकीच्या मानावरून किंवा बाकाच्या जागेवरून अबोला धरणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आमच्या कपिलधारेचें पाणी उंची सोडतें, तेव्हांच तें तहानलेल्यांच्या ओंजळींत येतें. या ज्युबिलीला प्रथम क्षमा मागावी, मग वेदीपाशीं यावें.