साठीनंतरचा कारखाना

नोकरदार माणसाची फाइल साठीला बंद होते. टेल्कोचा, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सचा, कारभार पाहणारे सुमंत मूळगावकर साठीचे झाले ते १९६६ साल. त्याच साली टेल्कोने पिंपरी-चिंचवडच्या माळावर आपला पुण्याचा कारखाना उभारायला घेतला. तो कसा असावा, याचं चित्र मूळगावकरांच्या मनात पक्कं होतं.

एचए, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरीत १९५४ पासून होती आणि १९६२ मध्ये एमआयडीसीही स्थापन झाली होती. तरी आजूबाजूला मुख्यतः शेतं आणि खडकाळ रानच होतं. मूळगावकरांनी तिथे झाडं लावायला घेतली, तळंही करवलं. शेड उभ्या राहायच्या आधी खड्डे खणणारा हा साहेब अनेकांना विक्षिप्त वाटला असेल. पुढे त्या तळ्यावर पक्षी उतरू लागले.

त्याहून विक्षिप्त वाटावी अशी गोष्ट कारखान्याच्या आत चालली होती. पुण्यात तयार झालेलं पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. तोवर अकरा वर्षं उलटली होती आणि मूळगावकर एकाहत्तरचे झाले होते. मधल्या काळात इथे अप्रेंटिस मुलं घडत होती, टूलरूम उभी राहत होती, डाय, जिग, फिक्स्चर आणि खास यंत्रं बनत होती. परकीय चलनाची चणचण होती, परदेशी यंत्र आणायचं तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा ठरलेल्या. डायमलर-बेंझशी १९५४ मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करारही १९६९ मध्ये संपला. ट्रकवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ आला. पुढचं मॉडेल स्वतःच काढायचं, तर त्याची हत्यारंही स्वतःच बनवायला हवीत, हा टूलरूममागचा हिशेब. फळ हाती यायला दशक लागेल अशा कामात साठीच्या माणसाने हात घालावा, यात धाडसापेक्षा हट्ट जास्त दिसतो.

  

मूळगावकरांच्या ऐंशीत, १९८६ मध्ये, पुण्याहून ‘४०७’ ही मालवाहू गाडी आली. तेव्हा हलक्या ट्रकच्या बाजारात टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या होत्या. ४०७ मात्र घरच्या टूलरूमच्या जोरावर उभी राहिली. त्यातली डीसीएम-टोयोटा आज फारशी कुणाला आठवत नाही. ४०७ मंडईपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे दिसते. मूळगावकरांनी १९८८ मध्ये अध्यक्षपद रतन टाटांकडे दिलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. १९९४ च्या ‘सुमो’त त्यांच्या नावाआडनावाची आद्याक्षरं आहेत.

अर्थात, अध्यक्षाला खुर्ची असते, गाडी असते, ऐकणारी माणसं असतात. प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या कामगाराला निवृत्तीच्या दिवशी सत्कार, शाल आणि दुखरी कंबर मिळते. म्हणून पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या म्हातारपणाची गोष्ट केवळ साहेबांवरून सांगता येणार नाही.

टेल्कोतच नोकरी केलेले मुरलीकांत पेटकर याच पट्ट्यातल्या थेरगावला राहतात. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, पाय गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. मग पुण्यात नोकरी, संसार आणि विस्मरण. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला तो नाकारला गेला. पेटकरांनी ती गोष्ट सोडून दिली नाही. २०१८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, पद्मश्री आली. २०२४ मध्ये त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला आणि नव्या पिढीला थेरगावचा हा पत्ता कळला. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. पहिल्या मागणीला तोवर चार दशकं उलटून गेली होती.