अग्निबाण आणि उच्च वातावरण : एका निरीक्षण-परंपरेचा बोध

१९०४ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे भूचुंबकीय कार्य अलिबागेस हलविण्यास प्रारंभ झाला. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या, आणि त्यांच्या विद्युत्प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय नोंदी दूषित होणार हे उघड होते. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी वेध घेण्यात आले. म्हणूनच १८४० नंतरच्या दशकातली ती मालिका खंडित झाली नाही. ज्याचे मोजमाप करावयाचे त्यातच मानवी व्यवहार हस्तक्षेप करू लागला, तर अविकृत स्थितीची नोंद आधीच हाती असली पाहिजे, हा या घटनेचा बोध होय. अग्निबाणांच्या परिणामांचा विचारही याच दृष्टीने करणे इष्ट आहे.

भारतात अग्निबाण आला तो उच्च वातावरणाच्या अभ्यासाचे साधन म्हणून. चुंबकीय विषुववृत्तानजीकच्या थुंब्याची जागा निवडण्याच्या कार्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेल्या 'नाइके-अपाची' अग्निबाणाने सोडियमची वाफ सोडली आणि सायंकाळच्या आकाशात नारिंगी ढग उमटला. ढग ज्या गतीने सरकला, त्यावरून तेथील वाऱ्यांचे अनुमान करावयाचे होते. अर्थात पहिल्याच प्रयोगात आपण त्या प्रदेशात परके द्रव्य सोडले. मात्रा अल्प होती आणि हेतू ज्ञानाचा होता, एवढेच.

परंतु मात्रा वाढली की प्रश्नाचे स्वरूप पालटते. पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांनी ज्या घन इंधनाच्या विकासाचे नेतृत्व केले, त्या जातीच्या इंधनात अमोनियम परक्लोरेट व ॲल्युमिनियम असतात. त्यांच्या ज्वलनातून हायड्रोजन क्लोराइड व ॲल्युमिनाचे कण निघतात. केरोसीन जाळणारी यंत्रे काजळी सोडतात. खालच्या थरांतील कण पाऊस धुऊन काढतो. स्थितांबरात पाऊस नाही, म्हणून तेथे ते दीर्घकाळ राहतात. क्लोरीन ओझोनचा ऱ्हास करते, तर काजळी सूर्यप्रकाश शोषून तो थर तापविते.

याहून वरच्या प्रदेशातील साक्षही उपलब्ध आहे. १४ मे १९७३ रोजी 'स्कायलॅब' नेणाऱ्या अग्निबाणाच्या वायूंमुळे आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या विस्तीर्ण क्षेत्रात निम्म्याहून अधिक घटली. काही तासांनी ती पूर्ववत झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तर स्थितांबरातील गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत परतताना जळालेल्या उपग्रह-अग्निबाणांचे ॲल्युमिनियम आदी धातू आढळले.

यावरून अग्निबाणच त्याज्य ठरवावेत, असा निष्कर्ष काढणे अनुचित होईल. ओझोनची आजवर झालेली हानी मुख्यतः शीतक वायूंची आहे. अग्निबाणांचा वाटा त्या मानाने लहान आहे. परंतु १९८७ च्या माँट्रियल करारात त्यांच्या धुराचे नियमन नाही, आणि उड्डाणे झपाट्याने वाढत आहेत. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेकाठी वसलेल्या खराडीतील संगणक-उद्योगांपासून खेड्यातील हवामान-अंदाजापर्यंत उपग्रहांचा उपयोग सर्वांनाच होतो. तेव्हा त्याचे मूल्य मोजण्याचे उत्तरदायित्वही सर्वांचे आहे. अलिबागेस वेधशाळा हलविता आली. उच्च वातावरणास मात्र दुसरे अलिबाग नाही. जी नोंद आज घेतली जाणार नाही, ती उद्या कोणत्याही उपकरणाने मिळविता येणार नाही.